सोजरचा ‘हाय’

वाग्देवीच्या चरणी मस्तक ठेवून हे लिहितो. निमित्त, वरकुट्यातल्या एका ओसरीच्या दाराला परवा लागलेले कुलूप. उसाच्या पात्यांची सळसळ आजही त्या ओसरीपर्यंत येते, पण तिच्यावर तरंगणारा तो टणक, उजळ शब्द आता तेथे नाही: ‘हाय!’

तो सोजरचा शब्द. चौथीच्या वर्गात मी हजेरी घेई, मुले ‘हजर आहे’ म्हणत, आणि कोपऱ्यातून ‘हाय, गुरुजी’ असा प्रतिध्वनी उसळे. वर्ग हसे. शुद्ध रूप जिभेवर बसावे म्हणून एकदा मी तिला दिवसभर उभे केले. ती ताठ उभी राहिली. ‘आहे’ मात्र म्हणाली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचे नाव पुकारले की खिडकीतून केवळ वारा उत्तर देई.

पन्नाशी ओलांडल्यावर ती पुन्हा विद्यार्थिनी झाली. लेक जपानात स्थिरावली होती, आणि नातीला मराठी येत नव्हते. ‘दोघींतल्या एकीनं शिकाय पायजे. ती ल्हान हाय, मीच शिकते,’ एवढेच तिचे कारण. पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून ती ओसरीवर वर्गाला बसे. पलीकडून जपानी शिक्षिका नाव पुकारी. आणि त्या भाषेतला होकार, त्या भाषेतली हजेरी म्हणजे, कानाला तरी, तोच शब्द: ‘हाय’. तो उच्चारताना तिची मान अशी उंचावे, जणू तुरा आलेला ऊस वाऱ्याला न जुमानता उभा आहे.

प्रौढपणी परभाषा शिकणाऱ्यांच्या आत्मकथा भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी जमवणारी मुक्ता तिच्याकडे आली, तेव्हा जुना शिक्षक म्हणून मलाही बोलावणे होते. सोजरचे बोलणे फोनवर रेकॉर्ड करता करता वहीत उतरवताना मुक्ताची लेखणी थबकली.

“गुरुजी, ‘शाळा सुटली, पर जीभ हाय’. इथे ‘आहे’ करू?”

“करा,” मी सवयीने म्हणालो. तिने केलेही.

सोजरने चहाची बशी खाली ठेवली. “गुरुजी, त्या जपानी बाईनं माझ्या ढीगभर चुका काढल्या, पर ‘हाय’ला शाबासकी दिली. आता तिला बी उभं करता का दिवसभर?”

मुक्ता खुदकन हसली. मला हसू आले नाही.

“माझी गोष्ट माझ्या तोंडानं लिवा. न्हायतर ते रेकॉर्डिंग पुसा, आन् चहा पिऊन जावा.”

‘हिंस्’ या धातूतील वर्णांची अदलाबदल होऊन ‘सिंह’ सिद्ध झाला, हे मी पिढ्यान्‌पिढ्या भक्तिभावाने शिकवले. ‘आहे’तले वर्णही तसेच जागा बदलून ‘हाय’ झाले, आणि तोच सिंह माझ्याच वर्गात एका मुलीच्या मुखातून गरजला, तेव्हा त्याला कोपऱ्यात उभे केले. मी वही ओढून घेतली आणि ‘आहे’ खोडले. सोजर शांतपणे म्हणाली, “आता चहा घ्या. निवला.”

परवा ती जपानला नातीकडे राहायला गेली. काळ सर्वांची हजेरी घेत पुढे सरकतो आणि उत्तरासाठी थांबत नाही. तरी त्या बंद दारापुढे मी तिचे नाव हलकेच पुकारले, आणि जे ऐकू आले ते माझ्या स्मरणातले की उसातले, हे मला ठरवता आले नाही.

वाचकहो, आपल्या उंबऱ्याशी कोणी ‘घरात कोण हाय का?’ असे विचारील, तेव्हा आतून ‘हाय!’ म्हणणारा कंठ आपल्या घरी अखंड नांदो.