सतरंजीवर खुर्ची

मी एक जुनी सतरंजी. अमेरिकेत, हर्नडनमध्ये प्रतापकाकांच्या गॅरेजात, बर्फ काढायच्या फावड्याशेजारी, गुंडाळून उभी असते. थंडीत सूत गारठतं. मग कुणी हात लावला तरी काही कळत नाही. तक्रार नाही मित्रांनो, आहे ते सांगते.

माझा जन्म तांबसवाडीच्या मागावर झाला. गावात सहा आळ्या, म्हणून माझ्यावर पट्टेही सहा. प्रत्येक आळीनं आपलं सूत आणि आपला रंग दिला. आणि गावानं एक रीत घातली. कीर्तनाला बसताना आपल्या आळीच्या पट्ट्यावर बसायचं नाही, दुसऱ्याच्या पट्ट्यावर बसायचं. त्यामुळे व्हायचं काय, की ज्यांचं विहिरीवर बोलणं बंद, त्यांचे गुडघे कीर्तनात एकमेकांना लागायचे. बुवांनी अभंग उचलला की सरकून जागा द्यावीच लागे. कीर्तनाइतकं गोड या जगात दुसरं काय आहे, सांगा! टाळ वाजला की माझे धागेसुद्धा ताठ व्हायचे.

पुढे गावानं मला अमेरिकेला निघालेल्या मोहनकाकांच्या हवाली केलं आणि मी विमानातून इकडे आले. मोहनकाका आणि त्यांच्या पत्नी प्रतिमाकाकू, दोघांनी मिळून इथे तांबसवाडी ग्रामस्थ मंडळ काढलं. त्यात गावची माणसं मूठभर. बाकी कुणी नागपूरचे, कुणी पुण्याचे, कुणी शिकायला आलेली मुलं. "आमचा पट्टाच नाही, कुठे बसू?" असं कुणी विचारलं की मोहनकाका म्हणत, "मग सगळेच तुमचे. बसा!"

हिवाळ्यात माझ्यावर जुन्या कोटांचे ढीग पडत. मंडळी ते मापाप्रमाणे लावून बेघरांच्या निवाऱ्यात पोचवत. आणि वर्षातून एकदा, शाळेच्या कॅफेटेरियात, माझ्यावर कीर्तन होई. मोहनकाका तबल्याला, काकू शेजारी झांज घेऊन. लोक माझं कौतुक करत. माझी भरभराट होती म्हणा ना.

गेल्या वर्षी मोहनकाका गेले. त्याच वर्षी काकूंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. मांडी घालणं संपलं.

यंदा त्यांना कीर्तनाला आणलं ते अदितीनं. अदिती म्हणजे प्रतापकाकांची मुलगी. इथेच जन्मलेली, फिजिओथेरपिस्ट. काकूंचे व्यायाम तीच घेते. प्रतापकाका मंडळाचे सेक्रेटरी, आणि माझ्यावर त्यांचा फार जीव. अदितीनं घडीची खुर्ची माझ्या कडेला आणली तसे ते धावले.

"अगं, खुर्ची सतरंजीवर नको! पाय रुततात. गावची वस्तू आहे ती."

"बाबा, मग काकू कुठे बसणार?"

"मागे. चेअर्स लावल्यात ना आपण."

"मागे म्हणजे शूजपाशी? सीरियसली?"

"असू दे गं," काकू म्हणाल्या. "मला कुठेही चालतं. आणि हे बघ, पुढच्या वर्षी नको येऊस आणायला. थंडीत उगाच ड्राइव्ह."

त्या वॉकर टेकत दाराजवळ, चपलांच्या मागे जाऊन बसल्या. डोक्यावर मंडळाचा फलक होता, 'सेवा, समावेश, एकी'. अदितीनं त्यांच्या हातात झांज दिली. ती त्यांनी मांडीवर ठेवून दिली.

"काय होतंय काकू?"

"काही होत नाही गं. काहीच वाटत नाही."

मला ते कळलं. मीही तशीच पसरले होते. वर माणसं बसत होती, आणि मला वजनाशिवाय काही कळत नव्हतं.

कीर्तनाला रुपालीताई होत्या. एरवी सॉफ्टवेअर कंपनीत, आज नऊवारीत. पूर्वरंग सुरेख रंगला. तो संपला की कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालायचा असतो. दरवर्षी तो मान मोहनकाकांचा. प्रतापकाकांनी हार उचलला आणि हाक मारली, "वहिनी, या. आता तुम्हीच."

काकू उठल्या. वॉकर सरकवत चपलांमधून वाट काढत आल्या आणि माझ्या कडेशी थांबल्या.

"प्रताप, हा वॉकर सतरंजीवर चालेल का रे? का इथूनच देऊ?"

टोमणा नव्हता तो. त्या खरंच विचारत होत्या.

रुपालीताई म्हणाल्या, "मघापासून मी हिच्यावर नाचतेय. माझे पाय नाही का रुतले, काका?"

कुणीतरी हसलं. प्रतापकाका हसले नाहीत. त्यांनी हार काकूंच्या हातात दिला, मागे गेले आणि ती खुर्ची स्वतः उचलून घेऊन आले. तबल्याशेजारी येऊन थांबले.

"कुठल्या पट्ट्यावर ठेवू, वहिनी?"

"कुठल्याही. पण भोकं पडतील रे."

"पडू देत."

आधी वॉकर आला. रुपालीताईंना हार घालून काकू खुर्चीत बसल्या. खुर्चीचे चारही पाय माझ्यात रुतले. तबल्यावर आता नवा मुलगा होता. उत्तररंगातल्या कथेत लोक हसले, डोळे पुसले. काकूंनी दोन्ही केलं नाही. अदितीनं पुन्हा आणून दिलेली झांज मांडीवरच होती. मग शेवटचा गजर सुरू झाला, आणि खुर्चीच्या एका पायातून मला काहीतरी कळलं. बारीक, थांबत थांबत. काकूंची टाच खुर्चीच्या पायाला लागत होती. ठेक्यावर.

निघताना अदिती म्हणाली, "सो काकू, पुढच्या वर्षी येऊ ना?"

"ये. पण जरा लवकर ये. पुढे जागा मिळत नाही."

मित्रांनो, मला जपा. ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. पण इतकं जपू नका, की कुणाला माझ्यावर बसताच येणार नाही.

आता पुन्हा गॅरेजात उभी आहे. ते चार खळगे अजून वर आलेले नाहीत. बाकी अंग गारच आहे. तेवढ्या चार जागी मात्र कळतं.