निळा धूर

"जुन्या गाड्या बऱ्या होत्या बाप्पा. बिघडल्या तरी सांगूनसन्या बिघडत. ह्या नव्या तं हासत हासत मरतेत."

शालिकराम हे कोणाला म्हणाला नव्हता, हातातल्या प्लगाला सांगत होता. पण त्याच्या अकोल्याच्या गॅरेजात बाकडं एकच, आणि दुसऱ्या टोकाला आशाबाई पदर सावरून बसलेली. तिनं मान खाली घातली. गाडी हासत हासत मेली नव्हती. गाडीला मारलं होतं, आणि मारताना आशाबाईनं पाहिलं होतं.

सकाळी ती आणि तिचे यजमान खुशालराव मूर्तिजापुराहून फटफटीवर अकोल्याला निघाले होते. बोरगावच्या अलीकडे इंजिन एकदम किंचाळलं, मागचं चाक आवळलं आणि गाडी घसरत बाभळीखाली जाऊन थांबली. दोघंही पडली नाहीत, एवढंच नशीब. पुढची वाट त्या लालभडक नव्या गाडीनं बैलगाडीत बसून केली, आणि तिच्या मालकानं एसटीत उभं राहून.

त्याआधी खुशालरावांची जुनी गाडी होती, लढाई संपल्यावर पलटणीच्या लिलावात घेतलेली. सोळा वर्षं ती डुगडुगत का होईना, चालली. नवी घरी आली त्या दिवशी शालिकरामकडचा मिस्त्री देवमन मुद्दाम मूर्तिजापूरला आला होता, समजावून द्यायला.

"भाऊ, दोन्ही इंजिनायचा स्वभाव येगळा हाय," अंगणात उकिडवा बसून तो सांगत होता. "जुनीत व्हॉल्व्ह हायेत, बाजूले. तेलाची टाकी येगळी. पंप तेल फिरवते अन् परत टाकीत आणून टाकते. तेलाची अन् पेट्रोलाची भेट होत नाई. हिच्यात व्हॉल्व्हच नाईत. सिलिंडरले भोकं हायेत, पिस्टन खाली-वर होते तं तोच उघडते, तोच झाकते. म्हणून तेल पेट्रोलातच टाका लागते. पाच लिटरले पाव लिटर. विसरले का इंजिन जाम."

खुशालराव आरशात मिशी पाहत होते. ऐकत होती ती दाराआड उभी आशाबाई. तिला ते लगेच कळलं. पोळीला तेल वरून लावतात, पण शंकरपाळ्यांना मोहन पिठातच घालावं लागतं, मागून लावून उपयोग नाही. तिच्या तोंडून निघून गेलं, "मंग थे तेल जळत नाई?"

देवमनचा चेहरा उजळला. "जळते ना वयनी! म्हणून तं निळा धूर येते. जुनीले धूर आला का बिमारी समजा, हिले आला का तब्येत चांगली."

"आता तूच काढ गॅरेज," खुशालराव बायकोकडे पाहून हसले. पण त्या हसण्यात दात जास्त होते.

नंतर आशाबाईनं देवमनला चहा दिला, ओसरीच्या कोनाड्यातल्या कपात. तो कप कोणी मुद्दाम वेगळा ठेवलेला नाही, असं घरातले सगळे म्हणत. देवमननं चहा पिऊन तो स्वतः विसळला आणि पालथा घातला. त्याच्या लोकांनी धम्म घेऊन सात वर्षं झाली होती. कप तेवढा तोच होता.

पुढे भर बाजारात गावातल्या नत्थुजीनं विचारलं, "काहो खुशालराव, गाडी घेतली का भट्टी?" लोक हसले. त्या दिवसापासून तेलाचं माप कमी होत गेलं. जुनीला धूर नव्हता, मग नवीला कशाला? तेल सुरुवातीलाच लागत असेल, असा खुशालरावांनी निकाल दिला. आणि आज सकाळी त्यांनी डब्यातलं नुसतं पेट्रोल टाकीत ओतलं.

आशाबाई तुळशीपाशी उभी होती. सांगावंसं वाटलं. मग ते गॅरेज काढायचं बोलणं आठवलं, आणि मनात आलं, होऊ दे एकदा, उतरू दे शहाणपण. एवढाच तो क्षण. आता त्या क्षणाकडे तिला बघवत नव्हतं.

कारण शहाणपण उतरलं नाही. गॅरेजात पाऊल टाकताच, पाच माणसांत, खुशालराव म्हणाले, "परवा देवमननं प्लग साफ केला होता ना. त्याच्याच हातानं काई झालं असन."

देवमननं सिलिंडर उतरवला. पिस्टनवर उभे ओरखडे, तेलाचा थेंब नाही. त्यानं खुशालरावांकडे पाहिलं, मग बाकड्याकडे. आशाबाईनं पदराचा काठ तपासायला घेतला.

"गरम झालं," देवमन एवढंच म्हणाला. गिऱ्हाइकाला खोटं पाडून मिस्त्री उभा राहू शकत नाही, आणि त्याच्यासारखा तर नाहीच.

शालिकरामनं टाकीत बोट बुडवलं आणि अंगठ्यावर चोळलं. तेल असतं तर बोट चिकट राहिलं असतं. ते क्षणात कोरडं झालं. त्यानं बोट पँटीला पुसलं. खुशालराव मोठं गिऱ्हाईक, सगळी पाटीलमंडळी त्यांच्यामागून यायची.

"देवमन, उद्यापासून येऊ नको," तो टाकीकडे पाहत बोलला. "नव्या इंजिनाले तुहा हात चालत नाई."

देवमननं आपले पाने फडक्यात गुंडाळायला घेतले. घाई नव्हती त्याच्या हाताला. इंजिन जाळणारा मिस्त्री, हे नाव संध्याकाळपर्यंत अकोल्याच्या प्रत्येक गॅरेजात पोचणार आणि मग त्याला पान्यासकट कोणी दारात उभं करणार नाही, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. खुशालराव रस्त्यावरची सायकल पाहत होते. कान मात्र लाल झाले होते त्यांचे. म्हणजे लाज होती. फक्त तोंडापर्यंत येत नव्हती.

आशाबाई उठली. लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं.

"चाल, घरी जाऊ," खुशालराव पटकन म्हणाले.

"थांबा," ती म्हणाली. "शालिकरामभाऊ, टाकीत तेल नव्हतं. तुमी बोट लावून पायलं, तुमाले माहीत हाय. म्या सकाळीच पायलं अन् गप रायली. इंजिन खुशालराव पाटलानं जाळलं. देवमनचं नाव कावून घेतलं? त्याचं नाव घेतलं का कोणी उलटून पुसत नाई, म्हणून."