तिला आवडलं असतं

आईनं बाही एका झटक्यात उसवली. टाके तुटल्याचा आवाज दुकानभर ऐकू गेला आणि समोर उभ्या असलेल्या नवरदेवानं उगाचच आपला दंड चाचपून पाहिला.

“ही बाही आहे की गळक्या नळाला गुंडाळलेलं फडकं?”

विचारलं थोरल्या लेकीला, ऐकवलं सगळ्यांना. थोरलीनं बाही उचलून उजेडात धरली. मुंढ्याजवळ चुणी पडली होती खरी, तीळभर. दुसऱ्या कुणाला ती दिसलीही नसती. आईच्या बाबतीत हीच तर अडचण होती. ती कधी खोटं बोलत नसे.

“आमच्या लेकीनं जगातली सगळी पुस्तकं वाचलीत,” आई नवरदेवाला म्हणाली. “बाही कशी लावावी, तेवढं पान फाटलेलं निघालं.”

हसावं की नाही, या विचारात नवरदेव अर्धवट हसला. आईनं मान मागच्या खोलीकडे वळवली.

“अहो, कोटाला इस्त्री झाली का? की ऐकू येणंही वाफेबरोबर उडून गेलं?”

आतून वाफेचा फुस्कारा आला आणि पाठोपाठ बाबा आले, कोट दोन्ही हातांवर झोपलेल्या मुलासारखा आडवा घेऊन.

“आमच्या घरातल्या माणसाला सुरकुत्या काढता येतात फक्त,” आई म्हणाली. “पाडायचं काम माझ्याकडे.”

सगळे हसले. बाबाही हसले. इतकी वर्षं या विनोदाला ते याच जागी, एवढंच हसत आले होते.

संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी आईनं ती बाही स्वतः लावली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठांत दोन टाचण्या. कापड तिच्या बोटांखाली असं वळत गेलं की जणू त्यालाच तसं वळायचं होतं. बाही बसली ती खांद्यातून फुटल्यासारखी. असं काम करणारं माणूस त्या गावात दुसरं नव्हतं.

“बघितलंस?”

“बघितलं.”

“काय बघितलंस? माझ्या हाताकडे बघायचं सोडून तोंडाकडे बघत होतीस. उद्या पुन्हा लाव.”

आई सकाळी उठलीच नाही. झोपेतच झालं, काही त्रास झाला नसणार, असं डॉक्टर म्हणाले. ‘तुम्ही काय आत जाऊन बघून आलात?’ असं आईनं त्यांना विचारलं असतं. विचारायला कुणी नाही, हे थोरलीच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग ती दुकानाच्या दारावर ‘बंद’ची पाटी लावायला म्हणून खाली उतरली, आणि बऱ्याच उशिरानं वर आली.

मावशी जिन्यातूनच रडत आली. रडण्यात मावशीचा हात कुणी धरू शकत नसे. फक्त त्यानं काजळ कधी हललं नाही. धाकटा भाऊ बायको-मुलीला घेऊन आला आणि आल्या आल्या फोन करत सुटला, जणू आईचं जाणं हे त्याच्या कचेरीतलं एखादं मोठं काम होतं आणि ते नीट पार पडलं तर त्याला बढती मिळणार होती. बाबा रडले नाहीत. आल्यागेल्याला खुर्च्या दिल्या, खुर्च्या कमी पडल्या तेव्हा शेजारून आणल्या. थोरलीनं ते पाहिलं आणि मनात ठेवलं.

त्यानंतर वर्षभर या कुटुंबानं जे काही साजरं केलं, ते ‘तिला आवडलं असतं’ या तीन शब्दांच्या मंत्राच्या जोरावर. मावशीच्या मुलीचं लग्न ठरल्या तारखेला झालं, कारण पुढे ढकललेलं ताईला आवडलं नसतं. हॉल तिला आवडला असता. गुलाबी फुगेसुद्धा तिला आवडले असते. आईला आयुष्यात नेमकं काय आवडलं होतं, हे थोरलीनं आठवून पाहिलं. चांगली धार लावलेली कात्री. पावसाळी हवा, कारण गिऱ्हाईक कमी येई. यापुढे यादी सरकेना. पण मेलेल्या माणसाची आवड जिवंतांच्या सोयीनं वाढते, हे तिला त्या वर्षी कळलं.

लग्नात नवऱ्या मुलाचा कोट दुसरीकडे शिवलेला होता. खांद्यात झोळ, पाठीला घडी, कॉलर मानेपासून रुसून बसलेली.

“छान दिसतोय ना जावई?” मावशीनं विचारलं.

“कोट काढला की दिसेल,” थोरली म्हणाली.

मावशीनं डोळे मोठे केले आणि मग एकदम हसली. “अगं बाई! तुझी आई बोलली गं, तुझी आई!” असं म्हणून ती लगेच रडलीही.

थोरलीला बरं वाटलं. कुणी पाठीवर थाप मारावी तसं.

तेवढ्यात बाबा नाचले. नाचले म्हणजे हात वर करून जागच्या जागी फिरले, छताला दिवा बसवत असल्यासारखे. चेहऱ्यावर हसू. धाकट्यानं त्याचं चित्रीकरण केलं आणि सगळ्यांना पाठवलं. खाली लिहिलं, ‘बाबा सावरताहेत.’ सावरायला आधी पडावं लागतं, असं थोरलीनं टाइप केलं आणि पुसून टाकलं.

दुकान ती चालवत होती. गिऱ्हाईक कमी झालं नाही. आईच्या खुर्चीत बसून ती काम करायची आणि स्वतःच लावलेली बाही स्वतःच उसवायची, कुणी सांगितलेलं नसताना. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की पुस्तक उघडायची आणि एकच पान वाचत राहायची. कान मागे लागलेले असत, आता कुणीतरी काहीतरी म्हणेल. कुणी म्हणत नसे. मग हळूहळू तीच म्हणू लागली. एका बाईला म्हणाली, “कंबर तुम्ही सांगताय ती की आहे ती?” दुसऱ्या एकाला म्हणाली, “माप चुकलं नाही, तुम्ही वाढलात.” गिऱ्हाइकं खूश झाली. दुकान पूर्वीसारखं वाटतंय म्हणाली.

उन्हाळ्यात धाकट्यानं सगळ्यांना समुद्रावर नेलं. बाबांना बदल हवा होता म्हणे. बाबांनी काही मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं, पण धाकट्याला नवी गाडी दाखवायची होती. सबंध रस्ताभर तो गाडीच्या गुणांवर बोलत होता आणि त्याची बायको मागे वळून दर थोड्या वेळानं विचारत होती, “ताई, एसी लागतोय का तुम्हाला?” लागत होता. गाडी आहे हेही लागत होतं.

किनाऱ्यावरच्या टपरीतून बाबांनी पोहायची चड्डी विकत घेतली. निळी, बाजूला पांढरा पट्टा. ते पाण्यात गेले, गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत, आणि मग नातीनं सांगितलं तसे पाठीवर आडवे झाले. थोडा वेळ बुडण्याचा गोंधळ झाला आणि मग ते तरंगले. आणि मोठ्यानं हसले. त्यांना एवढा आवाज आहे, हे थोरलीला माहीत नव्हतं. आजूबाजूची माणसं वळून बघू लागली.

थोरली पाण्याच्या कडेपर्यंत गेली.

“बाबा, लोक बघताहेत.”

बाबा लगेच उभे राहिले. “हो का?” म्हणाले, आणि चड्डी सावरत बाहेर आले. दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता भल्या पहाटे जाऊन पोहून आले. न्याहारीला बसले तेव्हा कानामागे वाळू होती. घरी परतल्यावर त्यांनी गावातल्या तरणतलावात नाव घातलं. तिथे त्यांच्याच वयाच्या निवृत्त मंडळींचा एक घोळका होता. बायको गेल्यावर माणसं देवाला लागतात, दारूला लागतात; आमचे वडील पाण्याला लागले, असं थोरली मनाशी म्हणाली. वाक्य तिला आवडलं. ऐकवायला योग्य माणूस मात्र उरलं नव्हतं.

मग धाकट्याच्या नव्या घराची मेजवानी झाली. बैठकीच्या भिंतीवर आईचा फोटो, एवढा मोठा की पाहुणे चपला काढून उभे राहत. आई हसत होती.

“किती प्रसन्न आहे ना?” धाकटा म्हणाला. “शोधून शोधून काढला.”

थोरलीला तो दिवस आठवत होता. आई हसत नव्हती. सुईत दोरा ओवताना तिचे दात दिसायचे. सुई धरलेला हात आणि दोरा धरलेला हात धाकट्यानं कापून टाकले होते. शिवणाऱ्या बाईचा फोटो, आणि हात तेवढे नाहीत. तिला ते त्याला सांगावंसं वाटलं, पण तो पडद्यांची किंमत सांगायला पुढे निघून गेला होता.

गॅलरीत बाबांभोवती माणसं जमली होती. तलावात पहिल्या दिवशी ते चुकून बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत कसे शिरले, ते सांगत होते. चांगलं सांगत होते. थांबत होते, नकला करत होते. माणसं हसून हसून कठड्याला टेकली होती. थोरली दारात उभी राहून ऐकत होती.

“बाबांना गोष्ट शेवटपर्यंत सांगता येते,” ती म्हणाली, “हे कुणाला माहीत होतं?”

मोठा हशा झाला. बाबाही हसले. “चला, पाणी आणतो कुणाकुणाला,” म्हणून आत गेले, आणि पुढे त्या खोलीतल्या बायकांनी काय केलं ते शेवटी कुणाला कळलंच नाही.

वर्ष सरत आलं तेव्हा एका दुपारी बाबा दुकानात आले. मागच्या जिन्यानं न येता पुढच्या दारानं आले, गिऱ्हाइकासारखे, काखेत पुडकं घेऊन.

“वेळ आहे का?”

“तुम्हाला कधीपासून विचारावं लागायला लागलं?”

त्यांनी पुडकं टेबलावर सोडलं. लोकरीचं कापड निघालं, दाट पिवळं. थोरलीनं बोटांत धरून पाहिलं. कापड चांगलं होतं. अगदी चांगलं होतं, आणि त्याचा तिला राग आला.

“कोट होईल ना यात? तलावावरची मंडळी डोंगरात चाललोय आम्ही. थंडी असते म्हणतात.”

“तुम्ही जाताय?”

“म्हटलं जावं.”

थोरलीनं टेप घेतली. बाबांचं माप दुकानात कुठेच नव्हतं. गिऱ्हाइकांनी न नेलेले कोट ते घालत आले होते. “हात बाजूला घ्या,” ती म्हणाली. छातीचं माप घ्यायला टेप पाठीमागून आणावी लागते, आणि त्यासाठी समोरच्याला क्षणभर मिठीत घेतल्यासारखं करावं लागतं. अनोळखी माणसांना ती रोज असं करायची. बाबांच्या अंगाला आता वाफेचा वास येत नव्हता, तलावाच्या पाण्याचा येत होता.

“या रंगात डोंगरात उभे राहिलात,” ती म्हणाली, “तर वाट चुकलेले लोक तुम्हालाच पाटी समजून वाचायला येतील.”

वाक्य आयतं आलं. थांबायचं तिथे थांबलं, जोर द्यायचा तिथे दिला गेला. बाबा हसले, पूर्वीइतकंच. मग त्यांनी हात खाली घेतले आणि कापडाची घडी घालायला लागले. कडेला कड जुळवून, वरून तळवा फिरवून.

“खरंय तुझं. राखाडीच बरं. हे परत घेतील ते.”

“अहो, मी गंमत केली.”

“नाही गं, मला कुठे कळतं रंगातलं.” त्यांनी घडीवरून पुन्हा हात फिरवला. “आणि जायचं तरी कुठे पक्कं आहे. तुला बरं दिसत नसेल तर नाही जात.”

“मी कुठे काय म्हटलं?”

“म्हणावं कुठे लागतं? दिसतं.” आवाजात तक्रार नव्हती. हवा कशी आहे ते सांगावं तसं ते बोलत होते. “बरोबर आहे तुझं. ती गेली त्या सकाळी तू खाली आली होतीस ना, पाटी लावायला. तेव्हा मी वर चहा केला. स्वतःपुरता. आणि बसून प्यायलो, सबंध कप. मध्ये कुणी हाक मारली नाही. आणि मला वाटलं, काय सुंदर झालाय चहा. ती आत तशी पडलेली, आणि मी हे असं.”

थोरलीनं टेप बोटांभोवती गुंडाळली.

“तुला ते कळलंय, असं वाटायचं मला. तुला सगळं कळतं, तिच्यासारखंच. म्हणून वर्षभर जरा लांबूनच.” त्यांनी पुडकं बांधायला सुतळी शोधली. “तुझी आई होती. तुला राग येणारच.”

बोलायला वाक्य होतं. थोरलीच्या जिभेवर ते येऊन बसलं होतं, चांगलं धार लावलेलं, आणि ते बोललं असतं तर बाबा एवढंच हसून मागच्या खोलीत गेले असते, डोंगरात गेले नसते, कदाचित तलावावरही पुन्हा गेले नसते. रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. थोरलीनं बाबांच्या हातातून पुडकं काढून घेतलं, कापड उलगडलं आणि त्यांच्या खांद्यावर टाकलं.

“हात वर करा. माप राहिलंय.”

बाबांनी हात वर केले. तिनं टेप पाठीमागून आणली, पण पुढे आकडा बघितला नाही. टेपची दोन्ही टोकं मुठीत धरून, त्यांच्या खांद्याशी तोंड नेऊन ती म्हणाली,

“मलाही सुटल्यासारखं वाटलं होतं, बाबा. त्याच सकाळी.”