गाडीच्या नाकातलं सोनं

शहाडच्या दगडूची जुनी लाल मारुती डिसेंबर लागल्यापासून दुर्गाडीच्या पुलावर रोज सकाळी बंद पडायची. मागच्यांचे हॉर्न सुरू झाले की शेजारी बसलेली मालन पदराने काच पुसायची. काचेवर काही नसायचं. नवऱ्याचं पडलेलं तोंड बघायला लागू नये म्हणून पुसायची.

कोलशेतला तिची थोरली बहीण सखुबाई अंथरुणाला खिळलेली. तिचा सकाळचा चहा आणि वेणी मालनच्याच हातची. सुनेने कंगवा उचलला की म्हातारी भिंतीकडे मान फिरवायची. मालनचे गुडघे स्टेशनचे जिने चढण्यातले राहिले नव्हते, आणि इतक्या सकाळी कोलशेत म्हटलं की रिक्षावाले नुसतीच मान हलवायचे.

"बाबा, इंजिन गेलंय," मुलगा सर्वेश म्हणाला. "रविवारी संध्याकाळी भंगारवाला येतोय, सांगून ठेवलंय मी."

"अरे, सकाळी मीपण खोकतो. मलापण दे त्याला, वजनावर बरा जाईन."

"मस्करी नको. आठवड्यातनं एकदा मी सोडेन ना आईला मावशीकडे."

आठवड्यातनं एकदा. मालनचा भाकरी थापणारा हात थांबला. दगडूने ते बघितलं.

शनिवारी दुपारी तो बोनेट उघडून बसला. गाडी एकदा तापली की लोण्यासारखी पळायची. म्हणजे इंजिन मेलेलं नव्हतं, गारठत होतं. गार हवेत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून असल्या जुन्या गाड्यांत एक सोय असते. सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवरची ऊबदार हवा एक पाईप उचलून फिल्टरच्या तोंडाशी आणतो. तोंडातली झडप थंडीत ती हवा आत घेते, आणि इंजिन तापलं की आपली आपण फिरून बाहेरची घेते. पाईप धड होता. दगडूने झडपेला बोट लावलं. ढिम्म. मोबाईलचा टॉर्च मारून आत बघितलं.

झडपेच्या सांध्यात आपट्याची पानं. हळदीकुंकवाच्या चिखलात वाळून घट्ट बसलेली.

दसऱ्याला गाडीची पूजा मालननेच केलेली. "ही श्वास कुठनं घेते हो?" तिने विचारलेलं. दगडूने ऐटीत फिल्टरचं तोंड दाखवलेलं, "हे तिचं नाक." झालं. मालनने नाकाला हळदकुंकू वाहिलं, वर सोनं दिलं. दसऱ्याला कुणाला सोन्यावाचून ठेवायची तिची रीतच नव्हती. ऑक्टोबरच्या उकाड्यात झडप बाहेरच्या हवेकडे होती, ती तिथेच चिकटली.

हे तिला सांगावं, तर बाई पुढची दहा वर्षं देवापुढे हात जोडताना चपापेल. दगडूने रॉकेल आणि जुना टूथब्रश घेतला आणि गुपचूप कामाला लागला.

रविवारी सकाळी चांगला गारठा होता. सर्वेशला त्याने मुद्दाम मागे बसवलं. दुर्गाडीचा पूल आला, गेला. मारुती शिंकलीसुद्धा नाही.

"काय केलंत?"

"काय करणार. गरम हवेचा पाईप सर्व्हिसिंगच्या वेळी मीच नीट बसवला नव्हता."

"म्हणजे आईला रोज पुलावर तुम्ही बसवून ठेवलंत?"

"मीच."

"भंगारात तुम्हालाच द्यायला पाहिजे," म्हणत सर्वेशने भंगारवाल्याला फोन लावला आणि येऊ नको म्हणून सांगितलं.

कोलशेतला सर्वेश दूध आणायला उतरला. मालन बसूनच राहिली.

"अहो."

"काय?"

"काल तुमचं बनियन धुताना कुंकू निघालं. रॉकेलचा वास येत होता त्याला."

दगडूने ओढलेलाच हँडब्रेक उगाच पुन्हा ओढला.

"सांगायचं नाही होय?"

"अगं, नाक कुणी दाखवलेलं?"

"मग पाईपाची थाप कशाला? पोरगं आता वर्षभर ऐकवेल तुम्हाला."

"ऐकवू दे. मला सवय आहे, तुला नाही."

मालनने पदराचं टोक जिभेला लावलं आणि त्याच्या कानामागे राहिलेला काळा डाग पुसला. चांगला घासून पुसला. आतून सखुबाईचा आवाज आला, "मालन आली का गं?"

"आले गं अक्का," ती म्हणाली, आणि उतरायला त्याचा हात मागितला.