तुटका माल

"आमची चार माणसं, तुमची पाच. आणि शिल्पा?" पुऱ्या लाटता लाटता अलकाकाकू म्हणाली, आणि तिचं लाटणं थांबलं.

"बघू की. आज तेरावं तरी होऊ द्या," कढईपाशी बसलेली तारामतीकाकू म्हणाली.

पाण्याची घागर घेऊन दाराशी आलेल्या शिल्पाने ते ऐकलं. चोवीस वर्षांची बाई, हिमायतनगरच्या कॉम्प्युटर ऑफिसात नोकरीला, तरी ती घागर घेऊन दारातच थबकली. पहिल्या तारखेला काचीगुड्याचं हे भाड्याचं घर खाली करायचं होतं. मालक तिथे अपार्टमेंट उठवणार होता. श्रीकांतकाका-अलकाकाकू कुकटपल्लीच्या फ्लॅटमध्ये, अरविंदकाका-तारामतीकाकू सिकंदराबादच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, आजी आळीपाळीने दोघांकडे जाणार. सगळं ठरलं होतं. शिल्पाचं कुणी ठरवलं नव्हतं. ती आबांच्या मेलेल्या भावाची नात. चार वर्षांची असताना आईबाप पाठोपाठ गेले, तेव्हा आबांनी तिला उदगीरकडच्या गावाहून खांद्यावर बसवून आणलं आणि दारातच सांगितलं, "ही आपली." त्यानंतर वीस वर्षं ती कुणाची हा प्रश्न कुणी काढला नव्हता. आबा गेले आणि तेराव्या दिवशी तो निघाला.

आबा म्हणजे हिम्मतराव. काय माणूस होता हो! पंधराव्या वर्षी अंगावरच्या कपड्यांनिशी गाडीत बसून हैदराबादला आला. ना ओळख, ना इथली भाषा. एका इराणी सेठच्या बेकरीत लाकडं फोडायला लागला, आणि पुढे पन्नासहून जास्त वर्षं त्याच भट्टीसमोर उभा राहिला. भट्टी तापली की नाही हे बघायला चिमूटभर मैदा आत भिरकवायचा आणि त्याचा रंग बघायचा. उजव्या हाताला कोपरापर्यंत कधी केस उगवले नाहीत. शिल्पाला लहानपणी वाटायचं, आजोबा लोकांचे हात असेच असतात. त्या एका हातावर दोन मुलगे शिकले, दोन मुली नांदायला गेल्या, आणि पुढे मुलींचीही पोरं शिकायला याच घरात आली. मुलग्यांची पोरं आणि शिल्पा धरून नऊ नातवंडं! पहाटे कामावर जाणारा हा माणूस दुपारी घरी यायचा तो दमलोबिमलो न म्हणता. "चला रे, तुटका माल आला!" अशी गल्लीतूनच हाळी द्यायचा.

तुटका माल म्हणजे बिस्किटांचे तुकडे. मोडलेली बिस्किटं गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून सेठ देतो, असं आबा सांगायचे. पुडा परातीत उपडा व्हायचा आणि नऊ पोरं त्यात मुठी मारायची. इतर गोष्टींवरून त्या घरात कमी मारामाऱ्या झाल्या नाहीत, पण परातीपाशी कधीच नाही. शिल्पाने अख्खं बिस्किट पहिल्यांदा खाल्लं ते शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी, आणि त्या दिवशी तिला त्या मैत्रिणीच्या श्रीमंतीचा फार हेवा वाटला होता.

पंगत उठत आली तेव्हा यूसुफभाई आले, आबांच्या भट्टीवरचे जोडीदार. काठी टेकत, हातात पुठ्ठ्याचा खोका. "सेठ भेजे," म्हणाले आणि डोळे पुसत खुर्चीवर बसले.

शिल्पाने खोका उघडला. आत ओळीने लावलेली अख्खी बिस्किटं.

"अगं बाई, ही तर अख्खी आहेत!" ती बोलून गेली. "आबांना कायम तुटकीच मिळायची."

यूसुफभाई तिच्याकडे बघतच राहिले. "टूटा माल? वो तो मुर्गियों कू डालते थे, बेटा. हिम्मतराव कू रोज साबुत मिलते थे. मैं खुद पुडा बांधता था."

"मग तुटायची कशी?"

"गल्ली के कोने पे वो पत्थर है ना, वां बैठके पुडा घुटने पे रखते, अंगूठे से दबाते. रोज! मैं एक दिन पूछा, कायकू तोडते जी? तो बोले, यूसुफ, साबुत बिस्कुट गिने जाते. किसकू कित्ता, किसकू कम. चूरा कोई नै गिनता. घर में भाई की पोती आयी है, उसकू कोई गिनना नै."

भिंतीला टेकून बसलेले श्रीकांतकाका हळूच अरविंदकाकांना म्हणाले, "आम्ही लहान होतो तेव्हा अख्खी यायची रे. मोजून दोन-दोन. मला वाटायचं, नंतर सेठ कंजूष झाला."

शिल्पाने मनातल्या मनात हिशेब मांडायचा प्रयत्न केला: वीस वर्षं, रोज, भट्टीवरून दमून आल्यावर. एवढा मोठा माणूस या घरात वावरला, आपण त्याच्या पाठीवर चढून खेळलो, आणि आपल्याला पत्ता नाही!

अलकाकाकू उठून आत गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "शिल्पा, तुझी ट्रंक कुकटपल्लीच्या टेम्पोत टाक गं. आताच सांगून ठेवते."

"का म्हणून? तिला सिकंदराबादहून ऑफिस जवळ पडतं," तारामतीकाकू चवताळून म्हणाली. "तुमच्याकडे हेमंतची दहावी, तिला झोपायला तरी जागा आहे का?"

"तुमच्याकडे तर पाच माणसं!"

"झालं! पुन्हा मोजायला बसल्या," कोपऱ्यातून आजी म्हणाली. "या सावित्रीबाईला, मलाही विचारा की कुणीतरी. मी जिथं, तिथं ती. तुमची पाळी आली की आम्ही दोघी येऊ."

त्या दुःखातही लोक हसले. हसता हसता श्रीकांतकाका रडायला लागले.

यूसुफभाईंनी खोक्यातलं एक बिस्किट उचलून शिल्पाच्या हातावर ठेवलं. "खा बेटा. साबुत."

तिने ते तोंडाशी नेलं, पण खाववेना. शेवटी ती आत गेली, कोनाड्यातली जुनी परात घेऊन आली, खोका मांडीवर घेतला आणि अंगठ्याने एकेक बिस्किट मोडू लागली.