सावलीपुरता ठिपका

समोरच्या इमारतीच्या भिंतीवर माझा धाकटा भाऊ दोराला लटकून रंग देत होता, आणि वर गच्चीच्या कठड्यावर घासून तोच दोर तुटत चालला होता. दोराखाली घातलेलं गोणपाट सरकलं होतं. मला खिडकीतून ते स्पष्ट दिसत होतं, त्याला दिसणं शक्य नव्हतं. हाक मारून उपयोग नाही, तो जन्मापासून बहिरा. त्याचा मोबाइल खाली पिशवीत. जादा दोर बांधत जा म्हणून खुणा करकरून माझे हात दुखले होते, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

नवऱ्याला धाडलं होतं. स्पीकरवर त्याची धाप ऐकू येत होती.

"गच्चीला कुलूप आहे गं. वॉचमन चावी शोधतोय."

"फोड ते."

"बघतो."

मी लेझर उचलला. घरी त्याला जेवायला बोलवायचं तर आम्ही त्याच्या समोरच्या भिंतीवर हिरवा ठिपका नाचवतो. अंधारात हाच किरण दोरीसारखा ताणलेला दिसतो. आता भर दुपारी बटण दाबलं, तर किरण नाही, ठिपका नाही, काहीच नाही. पांढरी भिंत उन्हाने नुसती पेटली होती. सेल संपले की काय म्हणून घरातल्या भिंतीवर मारून पाहिला, तर ठिपका ठसठशीत. मेला उन्हातच तोंड लपवत होता. आपण कुठे मारतोय तेच कळेना, आणि त्याच्या डोळ्यात गेला तर, ही धास्ती वेगळीच.

मग त्याच्या शेजारच्या बाल्कनीतल्या सावलीत ठिपका एकदम दिसला. तिथून हळूहळू त्याच्याकडे सरकवला. उन्हात आला की हरवायचा. शेवटी भिंतीवर पडलेल्या त्याच्याच सावलीत, ब्रशजवळ, सापडला.

त्याने पाहिला. हसला. ब्रश डब्यात टाकला आणि दोर सोडत खाली उतरायला लागला. जेवायला.

"अरे नको, नको रे," मी बहिऱ्याला ओरडून सांगत होते. खिडकीबाहेर अर्धी वाकून हात हलवले, पण त्याचं तोंड भिंतीकडे. प्रत्येक हिसक्याला वर दोराचा पीळ सुटत होता.

ठिपका पुन्हा त्याच्या सावलीत आणला आणि बाल्कनीत ओढला. परत आणला, परत ओढला. इकडे ये रे बाबा, इकडे ये. तो हातभर उतरून थांबला. वैतागून मान हलवली, आणि बाल्कनीचा कठडा धरून एकदाचा आत उतरला.

"तुटलं कुलूप," नवरा म्हणाला. मग त्याची गच्चीवर धावणारी पावलं ऐकू आली. "एकच पीळ उरलाय गं. कुठाय तो?"

मी लेझर खाली ठेवला.

भाऊ बाल्कनीत उभा राहून हातांनी विचारत होता, जेवण इथेच पाठवलंयस का? उन्हातून त्याला माझी खिडकी अंधारीच दिसत असणार. त्याने पुन्हा विचारलं, जरा चिडून. उत्तर द्यायचं तर हात उचलायला हवे होते, आणि माझे हात काही केल्या उचलेनात.