मेंदूकडून कानाकडे

मित्रांनो, कानाकडून मेंदूकडे जाणारा तंतू तुम्ही शाळेतल्या चित्रात पाहिला असेल. तो मोठा मानकरी. आवाज घेऊन वर जातो. मी त्याच वाटेने उलटा येतो, मेंदूकडून कानाकडे. मी एक जुना तंतू आहे, जबलपूरला कांचघर मोहल्ल्यात राहणाऱ्या गुणवंतरावांच्या डाव्या कानातला. चित्रात मला सहसा कुणी काढत नाही.

गुणवंतराव आईच्या पोटात होते तेव्हाच मी कानाच्या शंखात उतरलो, आणि थक्क झालो. जागा वाटाण्याएवढी, आणि तीत हजारो केसपेशी रांगेने उभ्या. आवाज आला की त्या चक्क नाचतात! उंच होतात, बुटक्या होतात, आणि त्यांच्या नाचाने बारीक आवाज मोठा होतो. माझं काम एकच, मेंदूचा निरोप त्यांना पोचवायचा: "बायांनो, जरा हळू." एवढा थोर मेंदू, ज्याच्यात गुणवंतरावांचे सगळे पाढे आणि सगळ्या आरत्या मावल्या, तो वाकून एवढ्याशा पेशीची काळजी करतो! याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

माणसांची मात्र गंमत आहे. सायकलला तेल देतील, घड्याळाला किल्ली देतील. कानाला काय देतील? आगपेटीची काडी.

गुणवंतराव तोफांच्या कारखान्यात, चाचणीवर कामाला होते. तयार तोफ मैदानात न्यायची आणि उडवून बघायची. घरी ते आणि हेमलताबाई, दोघंच. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी हेमलताबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली फक्त कुजबुज. शेजारणी हातवारे करून बोलायच्या, भाजीवाला तर ओरडूनच बोलायचा, जणू बाईंना ऐकूच येत नाही! त्यांचं बोलणं नीट ऐकणारा माणूस जगात एकच.

आणि तेही काय सोपं होतं? स्वयंपाकघरात पंपाचा स्टोव्ह भरभरत असायचा, वर रेडिओच्या बातम्या. पण त्या बोलू लागल्या की गुणवंतरावांचं लक्ष तिकडे जाई, मेंदूतून निरोप निघे, आणि मी अन् उजव्या कानातला माझा भाऊ धावत सुटू. स्टोव्हची भरभर दबायची आणि तिच्यातून कुजबुज वर यायची, ताकातून लोणी यावं तशी.

"अहो, मीठ हवं का?"

"नको. झकास झालं."

"तुम्हाला बरं ऐकू येतं हो."

"काहून नाही येणार? माझा कान पक्का आहे!"

श्रेय कानाला. मी पुढचा निरोप घेऊन निघालो.

पासष्टची लढाई लागली आणि तोफा दिवसभर उडू लागल्या. बार उडण्याआधी मेण लावलेला कापूस कानात घट्ट बसवायचा, असा नियम. पण जोडीदार नथ्थू मोठा टिंगलखोर. वरातीत लोक अत्तराचा फाया कानात खोचतात ना, त्यावरून तो सुरू व्हायचा.

"अरे वा, गुनवंत भैया! कान में अत्तर? किसकी बारात है?"

मैदानभर हशा. शेवटी गुणवंतरावांनी कापूस खिशात टाकला.

संध्याकाळी कान वाजू लागे, सकाळी थांबे. ते खुशीत म्हणत, "पाहिलं? कान आणखी पक्का होऊन राहिला." चटके खाऊन बोटं तव्याला सरावतात तसा कानही सरावतो, हे त्यांचं गणित. मित्रांनो, केसपेशी सरावत नाहीत. त्या दमतात, काही मरतात, आणि मेलेलीच्या जागी दुसरी उगवत नाही.

तुम्ही म्हणाल, मग तू कशाला होतास? होतो ना. कारखान्यात घण पडत, तेव्हा मी कितीतरी वाचवल्या. घण एकामागून एक पडतो. पहिला पडला की निरोप निघतो, पुढचे सोसवतात. तोफ तेवढा वेळ देत नाही.

एके दिवशी गुणवंतराव तोफेकडे डावा कान करून उभे होते. बार उडाला. मेंदूने निरोप दिला, मी निघालो आणि पापणी लवायच्या आत पोचलो. रांगा आडव्या झाल्या होत्या, गारपिटीनंतरच्या गव्हासारख्या. "हळू" म्हणायला मी आलो, तर नाचणाऱ्या फार थोड्या उरल्या होत्या.

उजवा कानही त्या दिवशी अर्धा मिटला होता. संध्याकाळी हेमलताबाई डावीकडून काही बोलल्या.

"काय?" गुणवंतरावांनी विचारलं.

त्या पुन्हा बोलल्या.

"काय म्हणतेस?"

त्यांनी स्टोव्ह बंद केला, रेडिओ बंद केला, आणि परत बोलल्या. गुणवंतराव नुसते त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. घर शांत होतं आणि त्यांच्या कानात शिट्टी वाजत होती.

मग हेमलताबाईंनी पाट उचलला, उजवीकडे जाऊन बसल्या आणि ओठ अगदी कानाशी नेले.

"मी म्हणते, आता माझं कोण ऐकणार?"

हे त्यांना ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कानांत मेणाचा कापूस. नथ्थू आलाच.

"फिर अत्तर? बारात खतम नहीं हुई?"

"नहीं हुई, भैया. दुल्हन घर पे है. बहुत धीरे बोलती है, और एक ही कान बचा है उसके लिए."

नथ्थू हसायला गेला आणि हसू अर्ध्यावर राहिलं. तेवढ्यात तोफेजवळच्या माणसाने इशारा केला. नथ्थूचे दोन्ही हात आपसूक कानांवर गेले. बार त्यानंतर उडाला.

मित्रांनो, मेंदूपुढे मी जन्मभर चकित होतो. त्या दिवशी हातांपुढे झालो. मला आवाज झाल्यावर कळतं. माणसाला तो होण्याआधी कळतं!

निरोप अजून येतात, मी ते खाली नेतो. माझ्याकडे ऐकणाऱ्या पेशी थोड्या आहेत; हेमलताबाई आता उजवीकडे बसतात, तिथे भाऊ कामावर आहे. तुमच्या वाट्याला तोफ न येवो. पण सुतळी बॉम्बची पेटलेली वात तुम्हाला दिसते, मिरवणुकीतला भोंगा जवळ येताना दिसतो. मला आधी काहीच कळत नाही. तेव्हा कान झाका, चार पावलं मागे सरा. आवाजाआधीचं तेवढं तुम्ही सांभाळा. त्यानंतरचं मी बघतो.